वाचकांचे प्रश्न : अकूस्टिक गिटार, छोटा कार्यक्रम आणि योग्य अ‍ॅम्प

या वेळच्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच विषयाची आहेत : अकूस्टिक गिटारचा आवाज पन्नास-शंभर माणसांपर्यंत नीट कसा पोचवायचा. म्हणून हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : मी गिटार वाजवतो, मैत्रीण गाते, मीही अधूनमधून साथीला गातो. कॅफेत ३०-४० माणसं, कधी वाढदिवस, कधी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये लग्नाआधीची संगीत संध्या, असे कार्यक्रम असतात. गिटारच्या आत पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) आणि ९ व्होल्टची बॅटरी आहे. सध्या इलेक्ट्रिक गिटारचा २० वॉटचा अ‍ॅम्प वापरतो. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दुकानदार म्हणतात, १०० वॉटचा घ्या. किती वॉट पुरतील? कोणता अ‍ॅम्प घ्यावा? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आवाज डब्यातला येतोय तो वॉट कमी पडल्यामुळे नव्हे. अ‍ॅम्पची जातच वेगळी आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमधला १० किंवा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गप्प होतो. इलेक्ट्रिक गिटारला तेच हवं असतं, कारण तिचा निम्मा आवाज अ‍ॅम्पमध्ये घडतो आणि वरचा कर्कशपणा त्या स्पीकरमध्ये गाळला जातो. अकूस्टिक गिटारचा आवाज लाकडातच घडून झालेला असतो. पिकचा तारेवरचा चरचरीत स्पर्श, तारेची चकाकी हे सगळं त्या वरच्या पट्टीत असतं. ते कापलं की उरतो तो डबा. त्याच जातीचा १०० वॉटचा अ‍ॅम्प घेतलात तर डबा मोठ्याने ऐकू येईल, इतकंच.

अकूस्टिक अ‍ॅम्प म्हणजे खरं तर एका पेटीत बसवलेली छोटी साउंड सिस्टिम. खालच्या आवाजासाठी ६ ते ८ इंची वूफर, वरच्यासाठी वेगळा ट्वीटर, एक चॅनल गिटारला आणि एक माइकला. जे आत जाईल ते शक्य तितकं जसंच्या तसं बाहेर काढणं एवढंच त्याचं काम.

आता वॉटचा हिशोब. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. समजा स्पीकरची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर ९० डेसिबल आहे. ६० वॉट दिले तर १ मीटरवर जास्तीत जास्त १०८ डेसिबलच्या आसपास मिळतील. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे ८ मीटरवर ९० राहतील. बंद खोलीत भिंतींमुळे याहून थोडे जास्तच मिळतात. चहाच्या कपांच्या आवाजात आणि गप्पांत ३०-४० माणसांना गिटार आणि गाणं ऐकवायला हे भरपूर आहे. म्हणून कॅफे आणि हॉल एवढंच करायचं असेल तर ४० ते ६० वॉट घ्या. मात्र हे वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे खरे वॉट, असले पाहिजेत. खोक्यावर ‘पीएमपीओ’ असं लिहून हजारोंचा आकडा छापलेला असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका, त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

वॉटपेक्षा पुढच्या गोष्टींवर पैसे खर्च करा. पहिली, माइकसाठी एक्सएलआर (तीन पिनांच्या माइकच्या वायरीचं) इनपुट असलेला खरा वेगळा चॅनल. त्याचे बेस-ट्रेबल वेगळे हवेत आणि रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखा घुमारा) दोन्ही चॅनलना कमी-जास्त देता आला पाहिजे. गाण्याला शोभणारा रिव्हर्ब गिटारवर चिखल करतो. दुसरी, मागे एक्सएलआरचं डीआय आउट, म्हणजे आवाज थेट मिक्सरला देण्याची जागा. उद्या भावे नाट्यमंदिरासारख्या मोठ्या सभागृहात वाजवायची वेळ आली तर तिथल्या मिक्सरला हीच वायर जाईल आणि तुमचा अ‍ॅम्प तुम्हाला स्वतःला ऐकण्यापुरता राहील. डीआय आउट असलेला अ‍ॅम्प कधी छोटा पडत नाही. तिसरी, फेज बटण (आवाजाची लहर उलटवणारं) आणि नॉच (घुमणारा किंवा शिट्टी मारणारा एकच सूर कापणारा नॉब). हे नसेल तर पुढच्या प्रश्नातली अडचण तुमच्याही वाट्याला येईल.

उदाहरणादाखल : फेंडर अकूस्टासॉनिक ४० मध्ये ४० वॉट, साडेसहा इंचाचे दोन स्पीकर आणि दोन चॅनल आहेत. फिशमन लाउडबॉक्स मिनी ६० वॉटचा आहे, साडेसहा इंची वूफर, १ इंची ट्वीटर, एक्सएलआर डीआय आउट आणि वजन ९ किलोच्या आसपास, म्हणजे स्कूटरवर पायाशी ठेवून नेता येतो. मिनीत माइकसाठी फँटम पॉवर (माइकला त्याच्याच वायरीतून मिळणारी वीज) मिळत नाही, पण शुअर एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माइकला ती लागतच नाही. कंडेन्सर माइक वापरायचा असेल तरच हा मुद्दा येतो.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी दुकानदाराने विचारायला हवी होती. गिटार एक, गाणारे दोघं, म्हणजे इनपुट तीन लागणार. दोन चॅनलच्या अ‍ॅम्पमध्ये दुसरा माइक बसत नाही. दोघांनी एका माइकवर गायचं ठरवलंत तर तो तुमच्यापासून लांब जातो, मग गेन (माइकचा आवाज उचलण्याचं प्रमाण) वाढवावा लागतो आणि शिट्टी सुरू होते. तुम्ही खरोखर ‘अधूनमधूनच’ गात असाल तर दोन चॅनलचा अ‍ॅम्प घ्या. प्रत्येक गाण्यात दोन आवाज असतील तर आमचं मत स्पष्ट आहे : अकूस्टिक अ‍ॅम्प घेऊ नका. ८ किंवा १० इंची अ‍ॅक्टिव्ह (आतच अ‍ॅम्प असलेला) स्पीकर एक, स्टँड एक, आणि दोन माइक प्रीअ‍ॅम्प (क्षीण आवाज आधी वाढवून देणारा भाग) असलेला छोटा मिक्सर घ्या. तुमच्या गिटारमध्ये बॅटरीवाला प्रीअ‍ॅम्प असल्याने ती मिक्सरच्या लाइन इनपुटला चालेल. यात फक्त एक गैरसोय आहे. स्पीकर पुढे उंचावर गेला की तुम्हाला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो. छोट्या खोलीत तो तुमच्या बाजूला, किंचित पुढे, कानाच्या उंचीवर ठेवला की भागतं.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःचा माइक घेऊन जा. सगळे टोन नॉब मध्यावर ठेवा. दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगा आणि तुम्ही तीन-चार मीटर लांब उभे राहा, कारण ट्वीटर तुमच्या गुडघ्याशी असताना वाजवणाऱ्याला त्याचा आवाज कळत नाही. मध्यावर ठेवलेल्या नॉबवर गिटार गिटारसारखी वाटली पाहिजे. ती तशी वाटण्यासाठी ट्रेबल टोकाला न्यावा लागत असेल तर तो अ‍ॅम्प सोडून द्या.

प्रश्न : अकूस्टिक अ‍ॅम्प घेऊनही घुमणं थांबत नाही. खालची ‘ए’ तार वाजवली की आवाज वाढतच जातो, गिटार पोटाशी थरथरते. बेस कमी केला की सगळं पातळ होतं. (विटा)

उत्तर : रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की एकच ठरावीक सूर निघतो. गिटारचं पोट आणि साउंडहोल (पुढचं गोल भोक) यांचंही तसंच आहे. मोठ्या ड्रेडनॉट गिटारमध्ये हा सूर १०० हर्ट्झच्या आसपास पडतो. मोकळी ‘ए’ तार ११० हर्ट्झची, जाड ‘ई’ तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा ‘जी’ ९८ हर्ट्झचा. म्हणजे तुमचा सूर आणि पोटाचा सूर शेजारी-शेजारी आहेत. अ‍ॅम्पमधून आलेला आवाज पोटात शिरतो, पोट हलतं, सॅडलखालचा (तारा टेकतात त्या पट्टीखालचा) पिकअप ते उचलतो, अ‍ॅम्प पुन्हा वाढवतो. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं, आणि बेसचा नॉब हे त्यासाठी सर्वांत बोथट हत्यार आहे, कारण तो १०० हर्ट्झबरोबर आजूबाजूचं सगळंच खाली खेचतो.

आधी जागा बदला. अ‍ॅम्प पाठीमागे असेल तर तो गिटारच्या पोटावरच रोखलेला असतो. तो तुमच्या बाजूला, अर्धा मीटर पुढे घ्या, तोंड श्रोत्यांकडे. कोपऱ्यातून काढा आणि जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा. जमीन आणि दोन भिंती मिळून खालचा आवाज फुगवतात, त्यामुळे एवढ्यानेच पुष्कळदा निम्मं काम होतं.

मग साउंडहोलला रबरी झाकण लावा. ते स्वस्त असतं आणि बाटलीला बूच लावल्यासारखं काम करतं. बाहेरून गिटारचा स्वतःचा आवाज दबतो, पण पिकअपमधून जाणाऱ्या आवाजात फारसा फरक पडत नाही.

त्यानंतर फेज बटण दाबून बघा. यात समजून घेण्यासारखं फारसं काही नाही. ज्या बाजूला कमी घुमतं ती बाजू ठेवायची. जागा बदलली की पुन्हा तपासायचं.

शेवटी नॉच. ‘ए’ तार छेडून आवाज हळूहळू वाढवा, घुमायला नुकती सुरुवात झाली की तिथे थांबा. आता नॉचचा नॉब सावकाश फिरवा. एका जागी घुमणं एकदम बसेल. ती जागा सापडली की नॉब सोडा. नॉच एक अरुंद फट कापतो, म्हणून आवाज पातळ होत नाही. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये लो-कट (ठरावीक मर्यादेखालचा आवाज कापणारा) असेल तर तो ८० हर्ट्झला ठेवा. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे, त्याखाली गिटारचं काही नसतं, फक्त पायाचे ठोके आणि स्टेजची धडधड असते.

आवाज कर्णकटू, चिमटा काढल्यासारखा येत असेल तर तो वेगळा दोष आहे. तो पीझो (दाबाची वीज करणाऱ्या) पिकअपचा स्वभाव आहे. १ ते २ किलोहर्ट्झच्या भागात मिड ३ डेसिबलने उतरवा. ट्रेबलला हात लावू नका.

प्रश्न : जुन्या गिटारमध्ये पिकअप नाही. कोणता बसवावा? मित्राने सॅडलखाली पीझो बसवून घेतला, तर त्याच्या दोन पातळ तारा ऐकूच येत नाहीत. (मिरज)

उत्तर : मित्राच्या गिटारचा दोष पिकअपमध्ये असण्याची शक्यता कमी आहे, तो बहुधा सॅडलच्या तळात असेल. मिरजेत हे समजावणं सोपं आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तार कशी टेकते यावर जवारी (तारेचा झंकार) उघडते की बंद राहते हे ठरतं, केसाएवढ्या फरकाने सूर मरतो. सॅडलखालचा पीझो तसाच आहे. तो फक्त दाब ओळखतो. सॅडलचा तळ जिथे अधांतरी राहिला तिथली तार मुकी होते.

दुरुस्ती अशी. तारा सैल करून सॅडल काढा. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट चिकटवा. सॅडलच्या तळाला पेन्सिलने रेघा मारा आणि सॅडल अगदी उभं धरून एकाच दिशेने घासा. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या की तळ सपाट झाला. हात कललेला असेल तर तळ गोल होतो आणि दोष वाढतो, म्हणून सॅडल एखाद्या चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून घासा. खाच साफ करा, लाकडाचा भुसा राहिला तरी दाब बिघडतो. सॅडल खाचेत बोटाने सहज बसलं आणि निघालं पाहिजे, पण पुढे-मागे डुलता कामा नये. ठोकून बसवावं लागत असेल तर ते बाजूच्या भिंतींना अडकतं आणि खाली दाबच पोचत नाही. नव्याने पिकअप बसवताना त्याच्या जाडीइतकं सॅडल तळातून कमी करायला विसरू नका, नाहीतर तारा उंच होतात आणि बोटं दुखायला लागतात.

तुमच्यासाठी कोणता? खाचेला हात लावायचा नसेल तर साउंडहोलमध्ये अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप घ्या. पाच मिनिटांत बसतो, कमी घुमतो, आवाज जरा इलेक्ट्रिककडे झुकतो. तो लोखंड ओळखतो, म्हणून नायलॉनच्या तारांना चालत नाही. कांशाच्या वेटोळ्याच्या तारांमध्ये आतली पोलादी गाभ्याची तारच तो पकडतो, त्यामुळे साधी ‘बी’ तार वाजवीपेक्षा मोठी वाटते. पिकअपला स्क्रू असतील तर त्या तारेखालचा स्क्रू खाली करा.

पीझो घेतलात आणि त्यासोबत प्रीअ‍ॅम्प नसेल तर एक आकडा लक्षात ठेवा, इनपुटचा अडथळा, जो ओममध्ये मोजतात. तो जितका जास्त, तितका खालचा आवाज टिकतो. साधारण १ नॅनोफॅरडचा (वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) पीझो १० किलोओमच्या लाइन इनपुटला जोडला तर १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे गिटारचा पत्रा होतो. १ मेगाओमला ती मर्यादा १६० हर्ट्झवर येते, १० मेगाओमला १६ हर्ट्झवर. म्हणून बिनबॅटरीच्या पीझोला १० मेगाओमचा प्रीअ‍ॅम्प अगदी गिटारजवळ लागतो.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून येतोय, तिकडून अ‍ॅम्प आणायला सांगू का? (तासगाव)

उत्तर : आधी त्याला अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर निर्धास्त आणा, फक्त वायर बदलावी लागेल. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावताच फ्यूज उडेल, आणि कोणी मोठा फ्यूज घातला तर ट्रान्सफॉर्मर जळेल. मग स्टेपडाउन (व्होल्ट कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो. पट्टीवर १०० वॉट लिहिले असतील तर किमान २०० व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) घ्या, कारण ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर तसाही जास्त तापतो. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर वापरू नका. ते वीज कापून देतात, कमी करून देत नाहीत. शिवाय स्टेपडाउनची तिसरी पिन खरोखर आतपर्यंत जोडलेली आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. दोन पिनांचा असेल तर अ‍ॅम्पला अर्थ (विजेची जमिनीशी सुरक्षित जोडणी) मिळत नाही. दहा किलोचा अ‍ॅम्प आणि तीन किलोचा ट्रान्सफॉर्मर प्रत्येक कार्यक्रमाला वाहायचा, हेही मनात धरा. आमच्या मते इथेच घेतलेला बरा.

प्रश्न : कृष्णेच्या घाटावर वीज नसताना वाजवायचं आहे. बॅटरीवरचा अ‍ॅम्प चालेल का? (सांगली)

उत्तर : चालेल, पाच-पंचवीस माणसांपुरता. रोलँडचा एसी ३३ हा ८ पेन्सिल सेलवर चालतो, त्यात ५ इंची दोन स्पीकर आहेत. विजेवर तो ३० वॉटचा आहे, सेलवर कमी देतो. चार्ज होणारे सेल दोन संच ठेवा. घाटावर मागे भिंत नसते, त्यामुळे खालचा आवाज विरतो. अ‍ॅम्प पायरीच्या उभ्या दगडाला पाठ लावून ठेवा, इथे भिंत मदत करते.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर मंडपवाल्याच्या सिस्टिमवरच वाजवावं लागतं. गिटार लावली की घूं असा आवाज येतो, एकदा माइकला ओठ लागून झटकाही बसला. साउंडवाल्याला काय सांगावं? (पलूस)

उत्तर : झटक्यापासून सुरू करू, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. तुमचा अ‍ॅम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि त्यातल्या एकाला अर्थ नाही, असं असलं की गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात फरक उरतो. हाताने तार धरून ओठ माइकला लावलात की तो फरक तुमच्यातून जातो. अर्थ नसलेल्या एसएमपीएस (हल्लीच्या हलक्या, अ‍ॅडॉप्टरसारख्या) पुरवठ्यात तर आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे अ‍ॅम्पच्या पत्र्यावर जवळजवळ निम्मा व्होल्टेज उभा राहतो. तो मुंग्या आणतो. पण वायरचं इन्सुलेशन फाटलेलं असेल तर तोच झटका प्राणघातक होतो, आणि दोन्ही हाताला सुरुवातीला सारखेच लागतात. म्हणून वाजवण्यापूर्वी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला लावा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाजवू नका. सगळी उपकरणं अर्थ असलेल्या एकाच बोर्डावर घ्यायला सांगा आणि पुन्हा मोजा. घूं थांबवण्यासाठी कोणी तिसरी पिन काढायला निघाला तर त्याला हात धरून थांबवा.

घूं चं कारण बहुतेकदा लांब वायर असतं. गिटारची साधी जॅकची वायर ६ मीटरच्या पुढे नेऊ नये. मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला २५ मीटरवर असतो आणि ती वायर वाटेत दिव्यांच्या माळांची सगळी भुणभुण गोळा करते. उपाय म्हणजे डीआय बॉक्स, गिटारचा आवाज लांब वायरीसाठी बदलून देणारी डबी. गिटार ते डीआय छोटी वायर, तिथून एक्सएलआर, ती खुशाल २५-३० मीटर न्या. बॅटरीवाल्या गिटारला साधा पॅसिव्ह (वीज न लागणारा) डीआय पुरतो. बिनबॅटरीच्या पीझोला अ‍ॅक्टिव्ह (विजेवर चालणारा) लागतो. साउंडवाल्याकडे डीआय असेलच असं धरून चालू नका, स्वतःचा पिशवीत ठेवा. डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं, उरलीसुरली घूं त्याने जाते. ते फक्त आवाजाच्या वायरीचा जोड तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून ते दाबण्यात धोका नाही.

साउंडवाल्याला सांगायच्या गोष्टी तीन : गिटारच्या चॅनलचा लो-कट चालू, बेस मध्याच्या खाली, आणि इको बंद. मंडपाच्या सिस्टिमवर निवेदकासाठी लावलेला इको गिटारच्या चॅनलवर तसाच राहून जातो, आणि मग ‘आवाज स्पष्ट येत नाही’ म्हणून सगळे ट्रेबल वाढवत बसतात. भोंगे लावलेले असतील तर गिटारचं फार काही हाती लागणार नाही. भोंगा बोलण्यासाठी असतो, त्यातून गिटारचा खालचा आवाज येत नाही. अशा वेळी पेटीतले स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना मागून घ्या.

निघण्यापूर्वी गिटारची बॅटरी मोजा. नवी ९ व्होल्टच्या वर दाखवते. ८ च्या खाली असेल तर बदला. उतरलेली बॅटरी एकदम बंद पडत नाही, आधी जोरात वाजवल्यावर आवाज फाटायला लागतो आणि दोष सिस्टिमवर जातो. गिटारमध्ये जॅक घातला की प्रीअ‍ॅम्प चालू होतो, तेव्हा आरतीच्या वेळी गिटार बाजूला ठेवताना वायर काढून ठेवा. काढण्याआधी साउंडवाल्याला खूण करून चॅनल बंद करून घ्या, नाहीतर तो ‘धड्’ आवाज स्पीकरमधून थेट पहिल्या रांगेच्या कानावर जातो.